विहीणबाईंचा खालचा बर्थ

व्याह्यांना रात्रीच्या गाडीने कोल्हापूरला न्यायचं आणि लग्नाची पहिली पत्रिका सगळ्यांनी मिळून अंबाबाईच्या पायाशी ठेवायची, असं ठरलं तेव्हा आण्णा म्हसकर छातीवर हात ठेवून म्हणाले, "तिकिटांची काळजी सोडा. ती माझ्यावर." बदलापुरात बेलवलीच्या गुरुछाया सोसायटीत आण्णांना सगळे मानतात ते याच वाक्यामुळे. सोसायटीची पाण्याची टाकी धुण्यापासून गणपतीच्या मांडवापर्यंत प्रत्येक गोष्ट आण्णांनी अशीच स्वतःवर घेतलेली आहे, आणि ती पुढे कशी झाली हे लोक चांगुलपणाने विसरलेले आहेत.

यावेळी मात्र विसरण्याची सोय नव्हती. मामला मुलीच्या सासरचा होता. ऋतिकाचं लग्न उल्हासनगरच्या राजेंद्र शेलारांच्या कल्पेशशी ठरलेलं. राजेंद्रराव साधे, हसतमुख, बसल्या जागी डुलकी काढणारे गृहस्थ. आण्णांना धाक होता तो विहीणबाईंचा, म्हणजे नेत्राबाईंचा. त्या वाईट होत्या असं नाही. त्या कमी बोलत. कमी बोलणाऱ्या माणसांचा त्रास असा, की त्यांचे शब्द आपल्याला पुरवून पुरवून वापरावे लागतात. साखरपुड्याला आइस्क्रीम विहीणबाईंच्या टेबलापर्यंत पोचेपर्यंत पिस्ता संपून साधं व्हॅनिला सुरू झालं होतं. निघताना त्या मीनलताईंना, म्हणजे आण्णांच्या बायकोला, एवढंच म्हणाल्या, "छान झालं." त्या दोन शब्दांवर म्हसकरांच्या घरी पुढचे कित्येक दिवस खल चालला. मीनलताईंच्या मते त्यांना खरंच छान वाटलं होतं. आण्णांच्या मते, खरंच छान वाटलेला माणूस इतक्यावर थांबत नाही.

तेव्हा आता दुसरी चूक होता कामा नये, हे आण्णांनी मनाशी पक्कं केलं. चूक इथेच सुरू झाली.

तिकिटं काढायला त्यांनी वरच्या मजल्यावरच्या कमलेशला बोलावलं. कमलेश सोसायटीचा सेक्रेटरी असून रेल्वेतलं त्याला सगळं कळतं असा समज आहे. रेल्वेत त्याचा मामेभाऊ आहे हे त्याचं कारण. "चौघांचं एक तिकीट काढू नका आण्णा," कमलेश म्हणाला. "वयस्कर माणसांना खालचा बर्थ पायजे तर दोघा-दोघांचं अलग काढायचं. एकदम सेफ." आण्णांना हे पटलं. त्यांनी आधी व्याह्यांचं तिकीट काढायला घेतलं. स्लीपरमध्ये दोघांनाही खालचा बर्थ हवा असं भरलं. मग सगळ्यात शेवटी त्या मोबाइलने विचारलं, की वरच्या वर्गात जागा रिकामी राहिली तर तुमचा विचार करायचा का?

आण्णा थबकले. खालचे बर्थ काढतोय असं त्यांनी विहीणबाईंना आधीच फोन करून कळवूनही टाकलं होतं. आता आयत्या वेळी व्याह्यांना कुणी उचलून भलत्याच डब्यात, भलत्याच माळ्यावर टाकलं तर? मुलाकडची माणसं आहेत, पार्सल नव्हे. आण्णांनी ठामपणे 'नको'वर बोट ठेवलं. स्वतःच्या आणि मीनलताईंच्या तिकिटाच्या वेळी मात्र त्यांनी त्या प्रश्नाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिथे आधीपासूनच 'हो' होतं, ते तसंच राहिलं. मुलीकडच्यांना कुणी कुठेही टाकलं तरी चालतं.

तिकिटं निघाल्याची बातमी खाली गेली आणि सल्ले वर येऊ लागले. तळमजल्यावरच्या जनाबाई बारवी धरणाच्या बाजूच्या खेड्यातल्या. त्यांनी आण्णांना जिन्यातच अडवलं. "आण्णा, इहिनीला पंख्याखाली झोपवनार? माज्या लग्नात इहिनीला बैलगाडीत गादी टाकून आनली व्हती. गादी आमची नव्हती, मागून आनली व्हती, पन टाकली." हे ऐकून आण्णांना आपण काहीतरी हीन कृत्य केल्यासारखं वाटलं. कमलेशने तर हात झटकले. "मला वाटलं तुम्ही फॅमिलीसाठी काढताय. व्याह्यांना आजकल कोण स्लीपरने नेतं? थर्ड एसी मिनिमम."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तुम्ही खालचा बर्थ बोललात, मी खालचा बर्थ दिला."

एसीत पाहिलं तर वेटिंग. कुणीतरी म्हणालं, अंबरनाथच्या खिडकीवरचा माणूस फार समजूतदार आहे. आण्णा अंबरनाथला गेले. माणूस खरोखर समजूतदार होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, साखरपुड्याच्या आइस्क्रीमसकट.

"काका, ते 'नको' आता बदलत नाही," तो म्हणाला.

"मग काय करता येईल?"

"तिकीट रद्द करून एसीचं नवीन काढता येईल."

"मिळेल?"

"वेटिंग आहे."

"मग रद्द कशाला करू?"

"मी कुठे करा म्हणतोय? तुम्ही विचारलंत." मग त्याला आण्णांची दया आली असावी. "जाऊ द्या हो. असं वरच्या वर्गात कुणाला टाकतात, ती लॉटरीच असते. कुणालाच नाही लागणार."

परतीच्या वाटेवर आण्णांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. व्याही एसीत जाऊ शकत नसतील, तर एसी व्याह्यांकडे आणावा. एसीच्या डब्यात असतं तरी काय? पांढरीशुभ्र चादर, उशी, ब्लँकेट, खाकी कागदाची पिशवी, पडदा आणि गारवा. यातली प्रत्येक वस्तू उल्हासनगरच्या बाजारात मिळते. किंबहुना उल्हासनगरच्या बाजारात न मिळणारी वस्तू अजून तयार झालेली नाही, असं तिथले दुकानदार सांगतात.

दुकानदार शेठ सिंधी होता. आण्णांची गरज ऐकून त्याने गठ्ठाच समोर टाकला. "साईं, ये देखो. एसी का ही माल है, सेम टू सेम. सिर्फ ठप्पा नहीं है." आण्णांनी चादरी घेतल्या, जाड उशा घेतल्या, ब्लँकेटं घेतली, गजाला अडकवायचा चार्जिंगचा पंखा घेतला, आणि शेठच्या आग्रहावरून पडद्यासाठी स्प्रिंगची दांडी घेतली. सगळं खांद्यावर आणि काखेत घेऊन वळतात तो समोर साक्षात राजेंद्रराव. उल्हासनगर हे व्याह्यांचं गाव आहे, ही गोष्ट आण्णांच्या ध्यानातून गेली होती.

"आण्णा, इकडे कुठे?"

"सहज," आण्णा उशांमागून म्हणाले.

"लग्नाची खरेदी वाटतं?"

"छे छे, लग्नाचा काही संबंध नाही," असं म्हणून आण्णांनी रिक्षा थांबवली आणि नजर चुकवून उशांसकट आत शिरले. आश्चर्याचा धक्का कोल्हापूरच्या गाडीतच द्यायचा होता. आधी कळला तर मजा काय राहिली? राजेंद्रराव त्या रिक्षाकडे बराच वेळ बघत उभे होते, हे आण्णांना दिसलं नाही.

घरी दिवाणावर रंगीत तालीम झाली. दांडी दोनदा निसटून मीनलताईंच्या पाठीत बसली. त्या म्हणाल्या, "अहो, त्या झोपायला येणार आहेत की बाळंतपणाला?" पण आण्णा आता थांबणाऱ्यातले नव्हते. चादरी इस्त्री करून खाकी कागदात गुंडाळल्या गेल्या. ऋतिकाने त्यावर चिकटपट्टी लावून दिली आणि "बाबा, प्लीज तिथे जास्त काही करू नका," एवढंच सांगितलं. मुलांना मानपानातलं काही कळत नाही.

प्रवासाच्या दिवशी दुपारी आण्णांच्या मोबाइलवर संदेश आला. तो त्यांनी आधी चष्म्याने वाचला, मग चष्मा पुसून वाचला, मग मीनलताईंकडे दिला.

"बी-टू म्हणजे एसी ना?" मीनलताई म्हणाल्या. "आपलं वरच्या वर्गात केलंय. बरं झालं की."

"काय बरं झालं?" आण्णा खुर्चीत बसले. "मुलीचा बाप एसीत आणि मुलाची आई पंख्याखाली. लोक काय म्हणतील? त्या काय म्हणतील? त्या तर काहीच म्हणणार नाहीत. ऋतिकाला जन्मभर त्या घरात हे न म्हटलेलं ऐकावं लागेल."

आता मीनलताईंनाही हसू आलं नाही. कमलेशला फोन केला, तर त्याने आधी अभिनंदन केलं, आयत्या वेळी एसीचा जादा डबा लागला असणार असं म्हणाला आणि मग सांगितलं, की स्लीपरमधली आण्णांची जागा एव्हाना दुसऱ्या कुणाला दिली गेली असणार, ती परत मिळत नाही आणि तुमच्या बदली व्याह्यांना एसीत पाठवता येत नाही, कारण नावं वेगळी. "अपग्रेड म्हणजे अपग्रेड, आण्णा. एन्जॉय करा." शिवाय त्याने सोसायटीच्या ग्रुपवर ही बातमी टाकली. गाडी आपल्या बिल्डिंगच्या मागूनच जाते, तेव्हा सगळ्यांनी गच्चीवर जमावं, असंही टाकलं. संध्याकाळी निघताना जनाबाईंनी आण्णांच्या हातावर दही ठेवलं आणि म्हणाल्या, "यशी मिळाली म्हनं. देवीचीच किरपा."

बदलापूरच्या माणसाला कोल्हापूरला जायचं तर आधी उलटं कल्याणला जावं लागतं, कारण ती गाडी बदलापूरला थांबत नाही. मग त्याच गाडीत बसून स्वतःच्या घरामागून परत यावं लागतं. त्या उलट्या प्रवासात आण्णांनी बेत ठरवला. एसीचं नावसुद्धा काढायचं नाही. व्याह्यांजवळच बसायचं, प्रवासात आपल्याला झोप येत नाही असं सांगायचं, आणि रात्र काढायची. मीनलताई म्हणाल्या, "आणि मी? मला तर गाडी हलली की झोप येते." आण्णांनी उशांचं गाठोडं मांडीवर सरकवलं.

कल्याणला व्याही वेळेवर आले. गाडी आली, सगळे स्लीपरमध्ये चढले. आण्णा लगेच कामाला लागले. खाकी कागद फाडले, पांढऱ्या चादरी अंथरल्या, उशांना थोपटलं, पंखा गजाला लावला, दांडी ताणून पडदा सोडला. समोरून जाणारे लोक आत डोकावून 'इथे कुणी आजारी आहे का' असं विचारू लागले. राजेंद्रराव आनंदाने आडवे झाले आणि गाडीने विठ्ठलवाडी ओलांडायच्या आत घोरू लागले. नेत्राबाई मात्र बसूनच होत्या. त्यांनी चादरीवरून हात फिरवला, उशीकडे पाहिलं आणि मग आण्णांकडे पाहिलं.

"तुमचे बर्थ कुठले?"

"हे काय, इथेच. जवळपास," आण्णा म्हणाले. मूळच्या जागा पलीकडच्या कंपार्टमेंटमध्ये होत्या. तिथे दोन धिप्पाड तरुण भाकरीचं गाठोडं सोडून बसले होते.

उल्हासनगर गेलं, अंबरनाथ आलं. आण्णा पडद्याबाहेर उभे राहून मीनलताईंशी कुजबुजत होते. मीनलताई म्हणत होत्या, "अहो, सांगून टाका. मला हे असं तोंड लपवून बसणं जमत नाही." आण्णा म्हणाले, "आत्ता नको. एकदा लग्न होऊ दे, मग सांगू."

पडदा बाजूला झाला. शेठच्या दांडीने त्याच क्षणी दगा दिला आणि पडदा खाली पडला. नेत्राबाई समोर उभ्या होत्या.

"आण्णा, बसा," त्या म्हणाल्या. आण्णा बसले. "एक विचारते, खरं सांगा. बाजारात ह्यांना बघून तुम्ही नजर चुकवलीत. लग्नाचा संबंध नाही म्हणालात. मघापासून तुम्ही दोघं कुजबुजताय. आता म्हणालात, लग्न झाल्यावर सांगू." त्या एवढं सलग बोलतात, हेच आण्णांना ठाऊक नव्हतं. "ऋतिकाच्या मनात नाहीये का? नसेल तर आत्ता सांगा. उद्या देवीपुढे पत्रिका ठेवली की उशीर होईल. माझ्या मुलाला वाईट वाटेल, मला त्याहून वाटेल. मला ती पोरगी फार आवडते. पण कुणाची मुलगी मनाविरुद्ध मी घरात आणायची नाही."

इतके महिने ज्या बाईच्या दोन शब्दांना ते घाबरत होते, ती त्यांच्याच लेकीची बाजू घेऊन त्यांच्यासमोर उभी होती. आणि आपण काय केलं? उशा आणल्या. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात खिडकीबाहेर एका गच्चीवर पाच-सहा बॅटऱ्या हलताना दिसल्या, भराभर मागे गेल्या, आणि आण्णांचा फोन वाजला. आण्णांचा फोन कायम स्पीकरवर असतो, कारण तो कानाला लावला की त्यांना ऐकू येत नाही.

"आण्णा," कमलेशचा आवाज डब्यात घुमला, "अख्खी सोसायटी गच्चीवर आहे. बी-टूवर बॅटऱ्या मारल्या, तुम्ही दिसलात नाही. काच काळी आहे काय? एसी मस्त चालूय ना? आणि तिकडे स्लीपरमध्ये विहीणबाईंना काही कळलं नाही ना?"

आण्णांनी फोन बंद केला. राजेंद्ररावांचं घोरणंही थांबलं होतं. पलीकडच्या दोघा तरुणांनी भाकरी हातातच धरली होती.

"म्हणजे," नेत्राबाई हळूहळू म्हणाल्या, "तुम्हाला एसी मिळाला."

"हो."

"आणि आम्हाला नाही."

"तुमचा खालचा बर्थ जाऊ नये म्हणून मीच 'नको' म्हटलं होतं," आण्णा म्हणाले. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. जनाबाईंची बैलगाडी, अंबरनाथची खिडकी, शेठची दांडी, साखरपुड्याचं व्हॅनिला, सगळं.

"हे तुम्ही मला लग्न झाल्यावर सांगणार होतात?"

"हो," आण्णा म्हणाले.

नेत्राबाई बर्थवर बसल्या. त्यांनी आधी पदर डोळ्यांना लावला आणि मग तोंडाला. त्या हसत होत्या. आवाज न करता, खांदे हलवत, मध्येच थांबून आण्णांकडे बघत आणि पुन्हा हसत. मीनलताईही हसू लागल्या. राजेंद्रराव उठून बसले आणि म्हणाले, "काय झालं? पुणं आलं का?"

कर्जत सोडल्यावर टीसी आला. त्याने यादी पाहिली. "म्हसकर? तुम्ही इथे काय करताय? तुमच्या जागा बी-टूमध्ये रिकाम्या आहेत. जाणार असाल तर जा, नाहीतर मला दुसऱ्याला द्याव्या लागतील."

"देऊन टाका," आण्णा उदारपणे म्हणाले. "आम्ही इथेच बसू. व्याह्यांना टाकून आम्ही एसीत जाणार नाही." फुकट मिळालेला एसी फुकट जाताना पाहणं, हे मध्यमवर्गीय माणसाला फार जड जातं. मीनलताई तर छताकडे बघत होत्या.

"आण्णा, मुलाकडच्यांचा शब्द मोडायचा नसतो ना?" नेत्राबाईंनी विचारलं.

"मुळीच नाही."

"मग मी मुलाकडची म्हणून सांगते. दोघं उठा, एसीत जा आणि झोपा. मीनलताई, उद्या देवळात रांगेत उभं राहायचंय. आणि आण्णा, ती दांडी इथे ठेवू नका, रात्री माझ्या डोक्यात पडेल."

आण्णांनी आयुष्यात मान पुष्कळ दिला होता, पण तो असा घशाखाली उतरवावा लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं. दांडी काखेत मारून ते मीनलताईंच्या मागे डब्यांतून चालत गेले. बी-टूमध्ये मीनलताई मधल्या बर्थवर आडव्या झाल्या त्या सरळ मिरजेला जाग्या झाल्या. आण्णा वरच्या बर्थवर कुडकुडत पडले. तिथली चादर त्यांच्या चादरीपेक्षा मळकी होती आणि उशी पातळ होती. तेवढ्यावर त्यांना थोडं बरं वाटलं आणि मग झोप लागली.

सकाळी कोल्हापूरला उतरून ते धावतच स्लीपरच्या डब्याशी गेले. राजेंद्रराव फलाटावर पत्रिकेची पिशवी पोटाशी धरून आळस देत होते. नेत्राबाई आत चादरींच्या घड्या घालत होत्या. ते दोघे तरुण त्यांना टोकं धरून देत होते. एवढ्यात ऋतिकाचा फोन आला.

"बाबा, काय केलंत तुम्ही? मघाशी काकूंचा फोन आला होता, हसत होत्या. मला म्हणाल्या, प्रवास छान झाला."

आण्णा डब्याकडे पाठ करून उभे राहिले आणि आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "कसं म्हणाल्या? म्हणजे नीट म्हणाल्या, की नुसतंच?"

फोन अर्थातच स्पीकरवर होता. मागून त्यांच्या खांद्यावर इस्त्रीसारख्या घडीच्या दोन चादरी आल्या, आणि चादरींमागून नेत्राबाई म्हणाल्या, "आण्णा, आधी चहा घेऊ. मग पुन्हा एकदा म्हणून दाखवते."